गॅलरीवर कोण कोण चढणार?

इंजिनिअर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि घरी बसलो. महिनाभरात स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन सुरू केलं, तेव्हा बायकोनेच माझी नवी पोस्टिंग शोधून काढली. थेरगावात, डांगे चौकाजवळचं एक ऑफिस. काम एकच. दुसऱ्यांनी केलेली बांधकामाची डिझाइनं तपासायची आणि चूक असेल तर बांधायच्या आधी पकडायची.

कमांडिंग ऑफिसर देशमाने मॅडम. वय माझ्या मुलीएवढं, शिस्त आमच्या ॲडज्युटंटपेक्षा कडक. सकाळी नऊला फॉल-इन, म्हणजे चहा. मग मॅडम कॉम्प्युटरवर हिशेब लावत आणि मी ड्रॉइंग वाचत असे. फोनवर मी सवयीने बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचो. आधी सगळे हसले, मग सगळेच म्हणायला लागले.

मामला चाकणच्या एका कारखान्याचा. नव्या शेडमध्ये मशीनच्या वरून जाणारी लोखंडी गॅलरी बांधायची होती. ड्रॉइंगवर लिहिलं होतं, देखभालीसाठी, दोन माणसं आणि टूलबॉक्स. तेवढ्या वजनाला डिझाइन चोख होतं. तरी मॅडमचं पेन अडलं.

"सुभेदारसाहेब, दोन फिटरांसाठी काचेचं रेलिंग कशाला?"

"रेकी करावी लागेल, मॅडम."

"चला."

कारखान्याचे मालक बबनशेठ चाकणचेच, जुन्या गावकीतले. लोखंडाचं कटिंग दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. खंडेनवमीची पूजा नव्या शेडमध्येच करायची, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"सही करा अन् मोकळं व्हा, फौजी," ते म्हणाले. "उगं घोडं आडवू नका."

"करतो. पूजेनंतर ग्रुप फोटो काढता ना?"

"व्हय, दरसाल."

"यंदा कुठे उभे राहणार?"

शेठ खुलले. "आवो, त्यासाठीच तर काच लावायचीया! आमी वर गॅलरीत, फोटोवाला खाली."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. "सांगा, कोण कोण?"

"मी, मंडळी, पोरं."

मॅडमनी वजन घातलं. स्क्रीनवर गॅलरी पेलणारा बीम हिरवा राहिला.

"सरपंच. ऑफिसातली माणसं. मेव्हणे, पाच हायेत."

बीम पिवळा झाला.

"ढोलवाले."

"ढोलासकट?"

"मग? ढोल खाली ठिवून येत्यात व्हय?"

बीम नारिंगी झाला.

"अन् दोन्ही शिफ्टची पोरं. त्यांच्याबिगर फोटो कसला?"

बीम लाल झाला. शेठही झाले.

"मेव्हण्यांना काढा!"

मॅडमनी मेव्हणे काढले. बीम लालच.

शेठचा चेहरा पडला. मेव्हण्यांना काढूनही काही साधत नाही, हे त्यांना फार लागलं. "बरं, शिफ्टवाले खाली उभं ऱ्हातील," ते म्हणाले.

"शेठ," मी म्हणालो, "लॅपटॉपातून माणूस काढणं सोपं आहे. ढोल वाजायला लागल्यावर गॅलरीतून एक मेव्हणा उतरवून दाखवा. आणि वरचे खाली आले, तर खाली कोण असेल?"

शेठनी शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग फोन लावला. "कटिंग थांबव. न्हाई, मुहूर्त गेला तरी चालंल. माणसं ऱ्हायली पायजेत."

त्या वर्षी पूजा जुन्याच शेडमध्ये झाली. गॅलरी नंतर उभी राहिली, जाड बीम घालून.

त्या दिवशी चाकणहून परतताना गाडीत मॅडमनी विचारलं, "फोटोचं तुम्हाला कसं सुचलं?"

मग मी त्यांना सोपानचं सांगितलं. नायक सोपान माझ्याच कंपनीतला. डोंगरातल्या पोस्टिंगवर नदीवर दोरांचा पूल होता. एका वेळी चारच माणसं, असा बोर्ड लावलेला. आमच्या टीमने व्हॉलीबॉलचा कप जिंकला आणि अख्खी टीम फोटोसाठी पुलावर चढली. पुलाच्या तोंडाशी सोपानची ड्यूटी होती. तो ओरडत त्यांना मागे आणायला धावला. पूल तुटला. सोपानने हाताला लागेल त्याला काठाकडे ढकललं. मग त्यालाच पाण्याने ओढून नेलं.

फोटो मात्र त्याआधी निघाला होता. तो युनिटमध्ये फ्रेम करून लावलाय. मधे कप, सगळे हसताहेत. कडेला सोपान, एक हात वर केलेला. नव्या भरतीच्या पोरांना वाटतं, तो टाटा करतोय. मी गेलो की त्यांना सांगतो. टाटा नाही रे, तो सगळ्यांना परत बोलावतोय. सगळे आले. तो तेवढा आला नाही.