क्रेनवरची दाभण

बंदराच्या गोदामात तिला सगळे दाभण म्हणायचे. ती होतीच तशी, उंच, काटकुळी आणि बोलायला टोकदार. शिवाय दिवसभर तिच्या हातात दाभणच असायचं. हमालांच्या आकड्यांनी गोण्या फाटायच्या, धान्य नाहीतर साखर जमिनीवर सांडायची, आणि सांडलेलं भरून गोणी पुन्हा सुतळीने शिवायची हे तिचं काम. वडील त्याच धक्क्यावर हमाल होते. धाकट्या भावाला मिसरूड फुटलं तसा तोही त्यांच्या मागोमाग पाठीवर गोण्या घ्यायला लागला. घर धक्क्याच्या इतकं जवळ, की जहाजाचा भोंगा वाजला की फळीवरची भांडी थरथरायची.

तेव्हा बंदर माणसांवर चालायचं. एक जहाज रिकामं व्हायला आठवडा जायचा. तेवढ्यात खलाशी दाढी-कटिंग करून, बूट शिवून घेऊन, दोन-चार भांडणं उरकून जायचे. समोरच्या गल्लीतल्या दुकानदारांची पोटं त्यांच्यावरच चालायची.

मग कंटेनर आले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. "लोखंडी पेट्या त्या, समुद्राच्या हवेत गंजून जातील," वडील म्हणाले. पण पेट्या गंजायच्या आधी धक्काच बदलला. गोदामं पाडून मैदान केलं. शहरामागची टेकडी फोडून तिची माती समुद्रात ओतली, आणि काल जिथे पाणी होतं तिथे उंच क्रेन उभ्या राहिल्या. हमालांच्या टोळ्या आठवडाभर घाम गाळायच्या ते काम क्रेन दिवसात हातावेगळं करायला लागली. गोणीच उरली नाही म्हटल्यावर दाभणाला कोण विचारतो?

हमालांनी संप पुकारला. बाप-लेक दोघंही फाटकासमोर जाऊन बसले. त्याच सुमारास बंदराच्या ऑफिसने फलक लावला, की काम गेलेल्यांना क्रेन चालवायला शिकवू, बायकांनाही. बायकांचं आपलं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. कुणी येईल असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसणार.

ती निघाली. फाटकाशी धाकट्याने वाट अडवली.

"ताई, तू आत गेलीस तर तुझं-माझं बोलणं संपलं."

"अरे, पण संप मोडल्यावर खायचं काय?"

"संप मोडणार नाही."

"आणि मोडला तर?"

वडील जवळच बसले होते. ते जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नको असंही म्हणाले नाहीत, पायातल्या चपलेकडे बघत राहिले. ती दोघांच्या मधून आत गेली. मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणी शिवी दिली. तिने मान वळवली नाही.

शिकवणारा मास्तर भला माणूस होता. पहिल्याच दिवशी शिडीपाशी तो म्हणाला, "बाई, वर चढताना खाली बघायचं नाही हं."

"मग चालवताना कुठे बघू?"

मास्तर हसला. क्रेनच्या केबिनची जमीन काचेची. पायांच्या मधून खाली वाकून बघतच दिवस काढायचा. पहिले काही दिवस तिला खाली उतरून उलट्या झाल्या. मान आखडायची, घरी ताटावरून उठल्यावरही वाकलेलीच असायची. मग हळूहळू ते अंगवळणी पडलं. सुईत दोरा ओवायची सवय कामी आली असं लोक पुढे म्हणायचे. तिला ते पटायचं नाही. "दोरा वाऱ्याने हलला तर कुणी मरत नाही," ती म्हणायची.

संप मोडला. वय झालेल्यांना घरी पाठवलं, त्यात वडील होते. तरण्यांपैकी काहींना कंटेनरची कुलपं काढण्याच्या कामावर घेतलं. जहाजावर रचलेल्या कंटेनरच्या माथ्यावर जायचं, कोपऱ्यांवरची लोखंडी कुलपं सोडवायची आणि परत यायचं. धाकट्याला ते काम मिळालं. पण फाटकावरचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही. घर एक, चूल एक, आणि भाऊ-बहिणीत अबोला. पुढे धाकट्याचं लग्न झालं आणि भावजयीचा पार पोस्टमन झाला.

"तिला सांग, बाबांचं औषध आणलंय," समोर बसलेल्या बहिणीकडे न बघता तो बायकोला सांगायचा.

"वन्सं, ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्याला सांग, कालच आणून ठेवलंय."

"तुम्ही दोघं मला पगार द्या," भावजय म्हणायची.

नळावर हमालांच्या बायका तिला पाहिलं की हंडा भरायच्या आधीच निघून जायच्या. त्याचं तिला वाईट वाटायचं. त्यांच्या घरातलं काम बंद झालं ते तिने केलं नव्हतं, पण ज्या यंत्राने केलं त्यावर ती बसली होती, हे तिलाही कळत होतं.

मग एक दिवस कामाच्या पाळ्या बदलल्या आणि धाकटा नेमका तिच्या क्रेनखाली आला. तिथे भावजय नव्हती. माणसांना लोखंडी पिंजऱ्यात उभं करून क्रेननेच कंटेनरच्या माथ्यावर न्यायचं असतं, आणि ते वॉकीटॉकीवर बोलल्याशिवाय जमत नाही. धाकट्याने घसा खाकरला.

"क्रेन, उचला."

सख्ख्या बहिणीला अहो-जाहो! "थांबा", "सावकाश घ्या", "जरा डावीकडे घ्या". तीही काही कमी नव्हती. "बरं, साहेब," ती वरून म्हणायची. त्या वॉकीटॉकीवर अख्खी पाळी कान लावून असायची. मुकादम गालातल्या गालात हसायचा. वर्ष-दोन वर्षं हा मानपान चालला.

एका दुपारी पिंजरा वर असतानाच वारा उठला. त्या किनाऱ्यावर असा वारा सांगून येत नाही. धाकटा एकटाच पिंजऱ्यात होता. पिंजरा घड्याळाच्या लंबकासारखा हलायला लागला. एका बाजूला कंटेनरची भिंत, दुसऱ्या बाजूला जहाजाचा लोखंडी मनोरा. घाईने खाली सोडला तर कुठेतरी आपटणार. मुकादम ओरडत होता, "खाली घ्या, खाली घ्या!" तिने पिंजरा खाली सोडला नाही. तो जिकडे झोका घेईल तिकडे वरच्या तुळईवरची, पिंजरा लटकलेली गाडी थोडी-थोडी नेत तिने झोका जिरवला. मग पुन्हा वारा, पुन्हा झोका. वॉकीटॉकीवर धाकट्याचा फक्त श्वास ऐकू येत होता.

"बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोल."

त्याने पिंजऱ्याचे गज दोन्ही हातांनी धरले.

पिंजरा धक्क्याला टेकला तेव्हा तिचे हात दांड्यावरून सुटेनात. बोटं एकेक करून उलगडावी लागली. शिडी उतरून ती खाली आली, तर धाकटा पिंजऱ्याला धरून उभा होता, ओठ पांढरेफटक.

"अगं, अक्कल आहे का तुला?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "इतका वेळ टांगून ठेवतात का माणसाला? मी मेलो असतो म्हणजे?"

"मेला असतास तर बरं झालं असतं! कटकट मिटली असती!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

भांडण चांगलंच रंगलं. फाटकावरची शिवी निघाली, बाबांचं औषध निघालं, लहानपणी कुणी कुणाची पाटी फोडली तेही निघालं. मुकादम मध्ये पडायला निघाला, तर इतरांनी त्याला मागे ओढलं. शेवटी दोघंही दमून धक्क्यावर बसली. त्याने तिला पाण्याची बाटली दिली. संध्याकाळी दोघं एकत्र घरी आली आणि भावजयीने हात जोडले, "सुटले बाई मी!"

वडील त्यानंतर काही वर्षं होते. गुडघ्यांमुळे त्यांना क्रेन जवळून बघता आली नाही. एकदा त्यांनी विचारलं, "वरून काय दिसतं गं?"

"डोकी दिसतात, बाबा."

"माणूस ओळखू येतो?"

"खांद्यावरून येतो."

ते बराच वेळ आपल्या झिजलेल्या खांद्यावर हात फिरवत बसले.

बंदर पुढे शहराबाहेर गेलं. जहाजं इतकी मोठी झाली, की जुन्या गोदीचं पाणी त्यांना पुरेना. नवीन ठिकाणी क्रेनमध्ये माणूस बसत नाही, दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसून ती चालवतात. तिनेही तिथे काही वर्षं काढली. खोली थंडगार, खुर्ची मऊ, मान दुखत नाही. तक्रार करायला जागा नव्हती. पण वारा फक्त आकड्यात दिसायचा, आणि नवीन पोरींना शिकवताना तो आकडा म्हणजे काय हे तिला उठून, हातवारे करून सांगावं लागायचं. त्या पोरी चांगल्या तयार झाल्या. मग तिने काम सोडलं.

जुन्या गोदीच्या जागी आता फिरायला फरसबंद रस्ता आहे, काचेच्या इमारती आहेत. त्यातल्या एकीच्या दारावर धाकटा राखणदार म्हणून बसतो. संध्याकाळी ती तिथे चालायला जाते. तो फिरायला आलेल्यांना जुन्या बंदराच्या गोष्टी सांगत असतो, त्यातल्या निम्म्या मीठ-मसाला लावलेल्या. ती शेजारच्या बाकावर बसून ऐकते. फारच झालं तर मध्ये बोलते. मग दोघांची जुंपते, आणि ऐकणारे आपल्या वाटेने निघून जातात.