बिराजदार मॅडमची काकडी

बिराजदार मॅडमच्या लॅपटॉपच्या बॅगेत चार्जर, माउस आणि रुमालात गुंडाळलेली एक काकडी असायची. चाकणच्या त्या कारखान्यात मी नवा होतो, तेव्हा मला वाटलं बाई डाएटवर आहेत. मग एका सकाळी पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या मोठ्या प्रेसचा प्रोग्रॅम थोडासा बदलून झाल्यावर त्यांनी ती काकडी एका लांब काठीच्या टोकाला बांधली, सगळ्यांना मागे सारलं आणि प्रेसच्या तोंडात धरली. वरून येणारा लोखंडी ठोकळा अर्ध्यात थांबला. मॅडमनी काकडी सोडवून परत रुमालात बांधली आणि कपाळावरचा घाम पुसला. मी हसू दाबत होतो, पण आजूबाजूला कुणीच हसत नव्हतं.

का, ते सलीमभाईंकडे पाहिल्यावर कळलं. काळेवाडीहून येणारे सलीमभाई त्या प्रेसचे ऑपरेटर. पत्रा ठेवायला आणि काढायला त्यांचे हात दिवसभर त्या ठोकळ्याखाली जायचे. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा होता. हात आडवा आला की प्रेसने जागच्या जागी थांबायचं. पण थांबायचा हुकूम द्यायचा तो प्रोग्रॅम, आणि मॅडमची सगळी भीती त्या प्रोग्रॅमपाशी येऊन बसली होती.

तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता त्याचं नवं व्हर्जन अधूनमधून यायचं. जुन्यातलं काम नव्यात उघडायचं. एकदा नव्यात गेलेलं मात्र जुन्यात परत यायचं नाही. त्यातून प्रोग्रॅममधला पडद्याचा भाग म्हणजे जुन्या व्हर्जनसाठी कुण्या छोट्या कंपनीने बनवलेलं एक्स्टेंशन, वरून जोडलेला तुकडा, आणि ती कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणून मॅडम एक जुनाट लॅपटॉप जिवापाड जपत. त्याला इंटरनेट जोडायची सक्त मनाई. "त्याला वारं लागू देऊ नको," त्या मला बजावत. स्क्रीनवर काही प्रश्न उमटला की माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवत आणि तो प्रश्न मोठ्याने वाचत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, नव्यात उघडतंय की सगळं!"

मॅडम लातूरकडच्या. "उघडलं म्हणजे चाललं असं नसतंय बाबा. घाई कशाला करायलास?"

कॅन्टीनमध्ये त्यांची भरपूर थट्टा व्हायची. "मॅडम, मीठ-तिखट आणू का?" असं कुणीतरी हमखास विचारायचं. त्या रागवत नसत. मी एकदा विचारलं, की नुसत्या काठीनेही प्रेस थांबते, मग काकडी कशाला? त्या म्हणाल्या, "काठी बघून कुणाला काय वाटतंय का? काकडी बघितली की आपलं बोट आठवतंय. मी भित्री आहे निखिल. तुम्ही पण भ्यावं, एवढंच."

आणि मग तो जुना लॅपटॉप गेला. बॅटरी फुगली, स्क्रीन काळी पडली, दुरुस्तीवाल्याने हात वर केले. नव्या पार्टची ऑर्डर डोक्यावर होती आणि त्यासाठी प्रोग्रॅम बदलणं भाग होतं. जुनं व्हर्जन नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून शेवटी बॅकअपमधलं प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये उघडलं. एरर एकही नाही. खाली पिवळ्या वॉर्निंगची लांबलचक रांग होती, पण तशी ती नेहमीच असते. आमचे प्लँट हेड मागेच उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईकाचे फोन त्यांना श्वास घेऊ देत नव्हते. "एरर नाही ना? मग लावा," ते म्हणाले.

मॅडमनी प्रोग्रॅम प्रेसमध्ये भरला. सलीमभाई हातमोजे चढवून जागेवर येत होते, तेवढ्यात त्या ओरडल्या, "सलीमभाई, थांबा! हात खिशात घाला."

काकडी काठीला बांधली गेली. सलीमभाईंनी हात खिशात ठेवूनच पायाने पेडल दाबलं. मॅडमनी काठी पुढे केली. काकडी किरणांत शिरली, पडद्याचा लाल दिवा लागला, आणि ठोकळा थांबला नाही. तो नेहमीच्या शांतपणे खाली आला आणि वर गेला. काकडीचं पाणी माझ्या बुटांवर उडालं. पडद्याला हात दिसला होता. पण ते प्रेसला सांगणारं एक्स्टेंशन नव्या व्हर्जनने ओळखलंच नव्हतं, गुपचूप गाळून टाकलं होतं. त्या पिवळ्या रांगेत त्याचीही एक ओळ होती.

प्लँट हेड एका रिकाम्या क्रेटवर बसले. सलीमभाईंनी खिशातून हात काढले, हातमोजे उतरवले आणि बोटं उघडून मिटून पाहिली. "या अल्ला," एवढंच म्हणाले. मॅडमनी स्वतः प्रेसला कुलूप लावलं. पडद्याचा भाग नव्याने लिहून, तपासून होईपर्यंत त्या कुलपाची किल्ली त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही, प्लँट हेडच्याही नाही.

पुढे वडिलांच्या आजारपणामुळे मॅडम नोकरी सोडून लातूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, "काही अडलं तर फोन करीन."

"अडलं तर तू शोधशीलच की," त्या म्हणाल्या. "भ्यायचा बंद झालास की मग फोन कर."

परवा पुन्हा नवं व्हर्जन आलं. आता प्रोग्रॅम भरणारा मी होतो. वॉर्निंगची सगळी रांग मोठ्याने वाचून काढली, तपासायचं ते सगळं तपासलं, आणि तरीही प्रेससमोर आल्यावर माझ्या तळव्यांना घाम फुटला. सलीमभाईंनी न सांगता हात खिशात घातले. "ककडी लाए ना, निखिलभाऊ?"

मी काठी पुढे केली. दिवा लाल झाला. ठोकळा काकडीच्या वर, अगदी जवळ येऊन थांबला.

सलीमभाईंनी काकडी सोडवली, मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "खा, भाऊ. आज शाबूत आहे." मी ती हातात घेतली, पण नजर ठोकळ्यावरून हलेना. लातूरला फोन लावावा असं फार वाटलं. पण अजून तशी वेळ आली नव्हती.