भरतीच्या वर्षातलं मटण

बारावी झाल्यानंतरच्या त्या वर्षी मला सतत भूक लागायची. जेवून हात धुतला तरी लागायची. पोलीस भरतीची तयारी चालली होती. बोनकोड्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला नुसते मोकळे प्लॉट पडून होते, तिथे एक निवृत्त हवालदार आम्हा पोरापोरींना फुकट शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. धावणं माझं बरं होतं. गोळा मात्र हातातून सुटला की जेमतेम माझ्या सावलीच्या बाहेर जाऊन पडायचा.

एकदा सरांनी माझा दंड दोन बोटांत धरून बघितला.

"घरी काय खातेस?"

"भाकरी, डाळ. भाजी असते."

"आणि मटण?"

"रविवारी. तेही कधी कधी."

"रविवारच्या मटणावर गोळा जात नाही. रोज पोटात मांस गेलं पाहिजे. आईला सांग."

आईला सांगितलं तेव्हा ती कपडे पिळत होती. "रोज?" एवढंच म्हणाली आणि पिळत राहिली. आम्ही मूळचे परभणीकडचे. कोपरखैरण्यात आमचं एका खोलीचं घर. आई वाशीत धुण्याभांड्याची कामं करायची. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती उचलायचे, पण त्या वर्षी पाठ धरल्यामुळे त्यांचे खाडे वाढले होते.

तरी दुसऱ्या दिवसापासून आई कामावरून येताना पिशवीत काहीतरी आणायला लागली. कधी कोंबडीची पोटा-कलेजी, कधी बकऱ्याची वजडी, पोट-आतडी. म्हणजे चांगलं मटण गिऱ्हाइकांनी नेल्यावर खाटकाकडे जे उरतं ते. वजडीला चुना लावायचा, ती उकळत्या पाण्यात बुडवायची, सुरीने खरवडायची. हे करता करता दमून आलेल्या आईची संध्याकाळ संपून जायची. रस्सा तिघांना, तुकडे मला. बाबा रश्शात भाकरी कुस्करून खाली मान घालून जेवायचे. मला ते बघवायचं नाही, आणि ताटावरून उठवायचंही नाही. मी न चावता गिळायचे आणि दुसऱ्या दिवशी मैदानात तेच करपट ढेकर देत फिरायचे. पण गोळा थोडा पुढे सरकला होता.

मग स्टेशनच्या रस्त्याला एक ढाबा उघडला. वजडी, मुंडी, पाये सगळं तोच उचलायला लागला. खाटीक आईला म्हणाला, "मावशी, आता रोजचं नाय जमणार." पुन्हा डाळ सुरू झाली. मी घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. जागा ती केवढी! "एका जागी बस गं," आई ओरडायची. बसलं की पाय आपोआप हलायला लागायचे.

समोरच्या घरात एक भाभी राहायची. रायगडच्या किनाऱ्याकडची मुसलमान, नवरा बंदरावर कारकून. तिची आणि आईची नळावरची मैत्री. एकदा दारात उभी राहून ती आईला म्हणाली, "ताई, बड्याचं का नाय आनत? बकऱ्याच्या निम्म्यात येतं. पोरीला ताकद येल."

बडा म्हणजे म्हैस, रेडा. आई काही बोलायच्या आत आतून बाबांचा आवाज आला. पाठ शेकत ते पडून होते.

"आमच्या घरात ते शिजणार न्हाई."

भाभीचा चेहरा उतरला. "तसं नाही हो भाभी," आई म्हणाली, पण कसं ते तिलाही सांगता येईना. भाभी आत निघून गेली.

मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "का नाही? आपल्याला कोणता देव आडवा येतोय?"

"आवाज खाली कर."

"मग सांगा ना, का नाही?"

"न्हाई म्हनलं ना एकदा." ते कण्हत उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले.

मार्ग आईने काढला. काय बोलली, कधी बोलली, माहीत नाही. भाभीच्या हातात पैसे देऊन आली आणि मला म्हणाली, "तिकडं शिजेल. तिकडंच खाऊन येत जा. बाबांना सांगितलंय मी."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

भाभी कुकरला भरपूर शिट्ट्या देऊन मांस लोण्यासारखं मऊ करायची. वर आलं-लसूण, मिरी, ओल्या खोबऱ्याचं वाटण. इतकं चवीचं मी आधी खाल्लं नव्हतं. तरी तिच्या ओट्यापाशी बसून खाताना माझा एक कान आमच्या दाराकडे असायचा. भाभी समोर तांदूळ निवडत बसलेली असायची.

"काय गो, कोन लागलाय तुझ्या मागं? सावकाश खा."

"खातेय की."

घरी आले की हाताला दोनदा साबण लावायचे. तरी मी जवळून गेले की बाबा काहीतरी निमित्त काढून उठायचे. पूर्वी ते रोज विचारायचे, "जेवलीस का, माय?" ते विचारणं बंद झालं. त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. इकडे ड्रेसच्या बाह्या घट्ट होत होत्या, गोळा दणकन लांब पडत होता, सर मान डोलवत होते. आणि मला आनंद धड एका जागी बसून करता येत नव्हता.

भरतीच्या दिवशी मी निघाले तर बाबा कपडे घालून दारात उभे. "म्या येतो," म्हणाले. मैदानात त्यांना सोडेनात, ते कुंपणाबाहेर थांबले. गोळा माझ्या आजवरच्या कुठल्याही फेकीपेक्षा लांब गेला. मग आम्हाला उन्हात बसवून ठेवलं. धावण्याची पाळी आली तोवर दुपार झाली होती. शेवटच्या वळणावर पोटरीत असा गोळा आला की मी मातीतच बसले. जे मला येत होतं त्यातच गेले.

परतताना बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मी रडत नव्हते, पण उभंही राहवत नव्हतं. खांबाभोवती फिरत होते. बाबा एकदम बोलायला लागले.

"म्या ल्हान व्हतो. गावात ढोर मेलं की आमच्या वस्तीवर निरोप यायचा. वढून न्यायचं काम आमचंच. माझी माय टोपल्यात त्याच्या मटनाचा वाटा घेऊन यायची, तर वाटंतले लोक नाकाला पदर लावायचे. मास्तरनं एकदा भर वर्गात इचारलं, काय खाऊन आलास रं? सगळी पोरं हसली. पुढं आमच्या बापानं धम्म घेतला, तवा ते सुटलं."

"पण बाबा, हे मेलेल्या ढोराचं नाही. दुकानातलं आहे."

"ठावं हाय. डोस्क्याला ठावं हाय. नाकाला कोन सांगंल?"

मी खांब धरून थांबले.

"म्या तुला खाऊ नको न्हाई म्हनलो," ते म्हणाले. "घरात नको म्हनलो. फुडल्या साली पुन्ना पळ."

त्यानंतर बरेच दिवस मी भाभीकडे फिरकले नाही. भूक तर होतीच, पण घास समोर धरला की टोपलं घेऊन चालणारी ती बाई दिसेल, असं वाटायचं. मी कधी न पाहिलेली माझी आजी. शेवटी भाभीच दारात आली. "आजारी हाय काय पोर?" आई घरी नव्हती. मी बाबांकडे बघितलं.

"जा," ते म्हणाले. "त्या बोलावतायत तुला."

मी गेले. पहिला घास जड गेला, दुसरा कमी. मग वर्षभर जात राहिले.

पुढच्या भरतीत माझं नाव लागलं. यादी बघून मी आणि बाबा परतलो, तेव्हा त्यांनी वाटेतच पेढे घेतले. घरात न जाता ते सरळ समोरच्या दारात गेले. इतक्या वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. भाभी गडबडून गेली, खुर्ची पुसली, पंखा लावला. आत कुकरची शिट्टी होत होती. बाबांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "भाभी, पोरगी लागली."

"आवं, बसा ना. च्या घेतल्याबिगर जायाचं नाय."

ते बसले. बशीत ओतून चहा प्यायला लागले. तिने पाठीचं विचारलं, त्यांनी सांगितलं. तिने नवऱ्याच्या गुडघ्यांचं सांगितलं. मी दारात या पायावरून त्या पायावर होत होते. त्यांनी लवकर उठावं की बसावं, माझं मलाच ठरेना. शेवटी तशीच बाहेर पडले आणि प्लॉटांना एक अख्खी चक्कर धावून आले. परत आले तेव्हा बाबा तिथेच होते, दुसऱ्या कपावर.