ब्रेकवरचा पाय

वाकडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीतून ब्रेक ऑइल गळालं होतं. त्या वासानं माझा उजवा पाय ताठ झाला.

तळेगावला असताना हे अंगणात सासऱ्यांची जुनी मोटार दुरुस्त करायचे. त्या दुपारी ब्रेकमधली हवा काढायची होती. गाडी चार जॅकवर, हे गाडीखाली, मी सीटवर. कंपनीतल्या सवयीनं हे ओरडायचे, "दाब!" मी ब्रेक दाबून म्हणायचे, "दाबलं!" मग "सोड!"

एकदा "सोड" आलंच नाही. गाडी करकरत कलली.

"अहो?"

"जॅक सरकलाय. हलू नकोस."

गाडी यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी जीव खाऊन ब्रेक दाबून धरला. हे सरपटत बाहेर आले, तरी पाय उचलेना.

आज वाटतं, कशाच्या भरवशावर बसले होते मी? चारही चाकं काढून माझ्या समोरच्याच भिंतीला टेकवलेली होती.