पुढच्या जोडीतला खांदा

मॉर्फिड प्रोबर्ट गेली, तेव्हा ब्रिनहेलिगच्या वरच्या आळीतल्या सगळ्या घरांनी रस्त्याकडच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात तशी रीतच आहे. मैत वळणापलीकडे जाईपर्यंत पडदे उघडायचे नाहीत. बायकांनी घरात थांबायचं आणि पुरुषांनी शवपेटी खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चालत जायचं. सहा माणसं, उंची बघून लावलेल्या तीन जोड्या. मुलगे असतील तर पुढची जोडी मुलांची.

मॉर्फिडला मुलगे दोनच, आणि दोघं उंचीला अगदी सारखे. तरी पुढच्या जोडीत कोण, हे गावात कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. धाकटा एल्फेड तर विचारायलाच घाबरत होता. आईला खांदा द्यायला मिळावा, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि ते ठरवणं थोरल्या हायडनच्या हातात होतं. हवापाणी आणि आईची औषधं सोडली, तर हायडन गेली वीस वर्षं त्याच्याशी बोललेला नव्हता.

एल्फेड म्हणजे वेल्सकडून फुटबॉल खेळलेला आमच्या गावातला एकमेव माणूस. कोळशाच्या खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी जे उतरतं मैदान आहे, तिथे तो घडला. चेंडू सुटला की थेट नदीत जायचा, त्यामुळे तो पायात खेळवत बसायची चैन तिथल्या पोरांना परवडत नसे. त्याचा बाप ग्रिफ खाणीतून वर आला की घरी न जाता रेषेवर उभा राहायचा आणि खोकत खोकत ओरडायचा, "दे रे, दे! अंडं उबवतोयस का?" एल्फेड द्यायला शिकला. मधल्या फळीत उभं राहायचं, समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि आपल्याहून चपळ माणसाकडे सोपवून मोकळं व्हायचं. गोल दुसरे करायचे, टाळ्याही त्यांनाच. याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. काही माणसांचा पिंडच तसा असतो.

मिसरूड फुटायच्या आत उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावच्या क्लबने त्याला नेलं. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, कधी वर चढायचा नाही आणि खालीही पडायचा नाही. तिथे त्याने ऐन उमेदीची सगळी वर्षं काढली. ग्रिफची छाती तोवर कोळशाच्या धुळीने भरली होती, प्रवास त्याला झेपत नसे. शनिवारी संध्याकाळी तो रेडिओला कान लावून निकाल ऐकायचा आणि दर वेळी हायडनला विचारायचा, "आपल्या पोराला वेल्सचं बोलावणं कधी येणार?"

"येईल," हायडन म्हणायचा. तो स्वतःही खाणीतच होता. खेळात तो एल्फेडहून उजवा होता असं जुनी माणसं सांगतात, पण घरात कुणीतरी कमावतं राहायला हवं होतं.

बोलावणं आलं, पण कुठल्या वेळी! ग्रिफ बुधवारी गेला. गुरुवारी संघातल्या दोघांचे पाय दुखावले आणि एल्फेडचं नाव निघालं. मॅच शनिवारी दुपारी कार्डिफला, आणि मैतही शनिवारी दुपारीच. मॉर्फिडने कोपऱ्यावरच्या फोनवरून क्लबच्या कचेरीत फोन लावला. "खेळ तू," ती म्हणाली. "त्याने जन्मभर हीच वाट बघितली. इकडे आला नाहीस तरी त्याला कळणार नाही, तिकडे गेला नाहीस तर मला कळेल."

तो गेला. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना त्याला मैदानात धाडलं. आमच्याकडे या पाचेक मिनिटांचा विषय आजही निघतो, दारूच्या गुत्त्यात तर जास्तच. त्या पाच मिनिटांत चेंडू एकदाही त्याच्याजवळ आला नाही.

इकडे ग्रिफच्या पुढच्या जोडीत हायडनशेजारची जागा रिकामी पडली. चुलतभाऊ पुढे आले, हायडनने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी शेजारचा पेनरी लागला. तो हायडनच्या जेमतेम कानापर्यंत यायचा, म्हणून त्याच्या खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली. तरी शवपेटी टेकडीपर्यंत कललेलीच गेली आणि मागून चालणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं.

वेल्सकडून खेळणाऱ्याला खरोखरीची टोपी मिळते, लाल मखमलीची, गोंडा लावलेली. मॉर्फिडने ती पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, ठेवणीतल्या कपबश्यांच्या मधोमध ठेवली. त्या दिवसापासून हायडनने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पुढच्याच हंगामात एल्फेडच्या उजव्या गुडघ्याचे तुकडे झाले. वेल्सने पुन्हा बोलावलं नाही, क्लबनेही निरोप दिला, आणि तो लंगडत गावी परतून पावाची गाडी चालवू लागला. आईने आपल्याला जायला सांगितलं होतं, हे त्याने हायडनला कधीच सांगितलं नाही. हायडन आईजवळ राहत होता. त्याचा राग तिच्यावर वळला असता तर म्हातारी कुठे गेली असती?

आता आई, दोघांची 'मॅम', त्याच पुढच्या खोलीत होती, कपाटासमोर मांडलेल्या शवपेटीत. मैताच्या सकाळी हायडनला त्या खोलीत यावंच लागलं. एल्फेड भिंतीशी उभा होता. अंत्यविधीचं बघणारे बेवन टोपी हातात धरून जोड्या ठरायची वाट पाहत होते.

"माझ्याकडे बघू नकोस हं, हायडन," पेनरी दारातून म्हणाला. "मागल्या खेपेला तुझ्या बापाला मी सांडायचंच बाकी ठेवलं होतं. आता तर मी आणखी खुजा झालोय."

हायडनने कपाटातल्या टोपीकडे पाहिलं.

"बेवनसाहेब, दोन मिनिटं बाहेर थांबता का? पेनरी, तूही." दार लागल्यावर तो एल्फेडकडे न बघता म्हणाला, "मॅमनेच तुला जायला सांगितलं होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं."

"मग... इतकी वर्षं?"

"गेलास म्हणून नाही रे, गाढवा. आला नाहीस म्हणून. मॅच पाचच्या आत संपली. कार्डिफ इथून तासावर. मैताला आलेले सगळे हॅम खाऊन, चहा पिऊन गेले, आणि मी तुझं ताट झाकून ठेवलं. मॅमला म्हटलं, थांब, येईल आता. शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो आम्ही."

"कुठल्या तोंडाने येणार होतो?" एल्फेडचा आवाज चिरकला. "डॅडचा खांदा सोडून गेलो होतो, आणि चेंडूला पायसुद्धा लागला नाही. स्टेशनवर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. मी इंग्लंडच्या गाडीत बसलो."

"तेच सांगायला यायचं होतं," हायडन म्हणाला. "हसलो असतो मी तुला. मॅम रडली असती. संपलं असतं त्याच रात्री."

एल्फेड रडला, मोठ्या माणसाने रडू नये तसा. हायडनने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "गुडघा काय म्हणतोय?"

"चालेल."

"खोटारडा," हायडन म्हणाला आणि दार उघडलं. "बेवनसाहेब, पुढे आम्ही दोघं."

दारापुढे पुरुषांनी मॉर्फिडच्या आवडीचं भजन म्हटलं, खर्जातले आवाज भिंतींवर आपटून परत येत होते, आणि मैत निघालं. वळणापर्यंत ठीक चाललं. चढ लागला तसा एल्फेडचा गुडघा बोलू लागला. दर पावलाला त्याची बाजू खचायची आणि शवपेटी कलायची. मागच्यांच्याही ते ध्यानात आलं.

"दे," हायडन समोर बघत हळूच म्हणाला. "पेनरीचा मुलगा मागे चालतोय, उंच आहे. त्याला दे आता."

दे हा शब्द एल्फेडने जन्मभर ऐकला होता, आणि ऐकला की त्याने दिलं होतं, कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

"नाही देत," तो म्हणाला.

हायडनने त्याचा दुसरा हात शवपेटीखालून चाचपला, आपल्या खांद्यावर ओढून घेतला आणि स्वतःचा हात त्याच्या खांद्याभोवती टाकला. मग त्याने आपली ढांग आखूड केली, एल्फेडच्या लंगड्या पावलाएवढी. मागच्या चौघांनीही केली. टेकडी चढायला नेहमीहून पुष्कळ वेळ लागला. फाटकाशी पाद्री ताटकळत राहिले, पण कुणीही घाई केली नाही. मॉर्फिड प्रोबर्ट वरपर्यंत गेली ती जराही न कलता.