स्पोर्टिंग वर गेले

सदर इसमाचे नाव भीमराव सोमा खंडागळे. वय अदमासे सेहेचाळीस. राहणार मोरिवली, अंबरनाथ (पूर्व). व्यवसाय : रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी. बांधा सडपातळ, वर्ण सावळा, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. विशेष खूण : रस्त्याने जाताना समोर न पाहता बाजूला पाहत, आडवी पावले टाकत चालणे. सदर इसम सन १९७४ पासून मोरिवली स्पोर्टिंग क्लबचा मानद लाइनमन असून क्लबचे सर्व सामने त्याने अथपासून इतिपर्यंत पाहिले आहेत. फुटबॉलचा एवढा अनुभवी प्रेक्षक कल्याण ते कर्जत या पट्ट्यात दुसरा नाही, असे जाणकारांकडून समजते.

जाणकार म्हणजे बबन. मोरिवली नाक्यावर त्याचं सलून होतं आणि सलूनच्या बाहेर एक काळा फळा. फळ्यावर दोनच प्रकारचा मजकूर यायचा : कोण जिंकलं आणि कोण वारलं. दोन्ही बबनच्याच अक्षरात, आणि दोन्हींच्या खाली ‘सर्वांनी जमावे’.

मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला असोसिएशन नुसता रेफरी पाठवायची. झेंडा घेऊन लाइनवर पळायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. माणूस क्लबचा म्हटल्यावर त्यानं काय करायचं हे उघड होतं. समोरचा फॉरवर्ड नुसता खोकला तरी ऑफसाइड, आणि आपला फॉरवर्ड गोलकीपरच्या मांडीवर जाऊन बसला तरी खेळ चालू. सगळीकडे असंच होतं, त्यात कुणी वाईट वाटून घेत नसे. भीमरावांना मात्र हे जमलं नाही. पहिल्याच मोसमात त्यांनी आपल्याच टीमच्या चांगल्या दिसणाऱ्या गोलाला झेंडा वर केला.

मैदानाच्या कठड्यावरून आवाज आला, “ए स्पोर्टिंग! पगार कोण देतो रे तुला?”

“कुणीच नाही,” भीमराव लाइनवरूनच ओरडले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं.

तेव्हापासून भीमरावांचं नाव ‘स्पोर्टिंग’ पडलं. खेळाडू येत, लग्न होऊन सुटत, सेक्रेटरी बदलत. भीमराव तेवढे लाइनवर कायम. त्यामुळे बाहेरगावी ‘स्पोर्टिंग’ म्हटलं की क्लब समजला जाई आणि मोरिवलीत म्हटलं की माणूस. परळ-माझगावचे क्लब खेळायला येत तेव्हा तेही म्हणत, “आमच्या माणसाचा हात वर गेला तर भांडण. खंडागळ्यांचा गेला तर ऑफसाइड.” शहाऐंशी साली वर्ल्ड कपच्या मॅचेस टीव्हीवर दाखवल्या तेव्हा चाळीतली सगळी माणसं एका खोलीत बसून गोलाला नाचत होती. भीमराव कोपऱ्यात बसून म्हणाले, “लाइनमन बरोबर उभा होता.” नाचणारे थांबले, आणि पुढच्या गोलाला त्यांना आधी बाहेर पाठवून मग नाचले.

असा हा सुखाचा मामला एकोणनव्वद साली बिघडला, कारण टीम चांगली झाली.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी श्यामकांत देवस्थळी बॉयलर हाउसमध्ये आले. देवस्थळी त्याच कारखान्यात परचेस ऑफिसर होते आणि कोपऱ्यात कुणीतरी सभेचे मिनिट्स लिहून घेतंय अशा थाटात बोलत.

“भीमराव, उद्या जिंकलो की आपण टॉप डिव्हिजनमध्ये. सर्व सामने मुंबईत कूपरेजच्या मैदानावर होतील. रेफरीबरोबर लाइनमनही असोसिएशनचेच येतील. तेव्हा तुमच्या पायांना आता विश्रांती.”

“मी मागितली नव्हती,” भीमराव म्हणाले.

“हे आपोआप होतं,” देवस्थळी म्हणाले, आणि प्रेशरचा काटा बघितल्यासारखं करून निघून गेले.

रात्री जेवताना भीमरावांची भाजी ताटात तशीच राहिली. बायको भागीरथी म्हणाली, “तोंड का असं? हरणार का उद्या?”

“नाही. जिंकलो तर काय करायचं, ते बघतोय.”

“अख्ख्या अंबरनाथला जिंकायचंय आणि तुम्हाला एकट्याला नको?”

“मला पण जिंकायचंय,” भीमराव म्हणाले. “तेच तर.”

दुसऱ्या दिवशी कठड्यावर उभं राहायला जागा नव्हती. एक-एक बरोबरी, खेळ संपत आलेला. बरोबरी झाली तर स्पोर्टिंग आहे तिथेच, म्हणजे भीमरावही आहेत तिथेच. तेवढ्यात मधून लांब पास आला आणि स्पोर्टिंगचा फॉरवर्ड सदू फिटर समोरच्यांच्या दोन बॅकच्या मधून सुटला. भीमरावांनी शेवटच्या बॅकचा पाय बघितला, सदूचा पाय बघितला. सदू वीतभर मागे होता, म्हणजे ऑफसाइड नव्हता. ही वीत त्या मैदानावर एकाच माणसाला दिसत होती. झेंडा वर गेला असता तर भांडण झालं नसतं. स्वतः सदूनं मान खाली घातली असती. भीमरावांचा उजवा हात जड झाला, आणि त्यांनी तो तसाच खाली राहू दिला.

गोल झाला. खेळाडू नाचायच्या आधी लाइनकडे बघत होते, ही मोरिवलीची रीत. झेंडा खाली आहे म्हटल्यावर माणसं मैदानात घुसली. भीमरावांनाही कुणीतरी उचललं, पण ते आडवेच पळायच्या बेतात असल्यामुळे नीट उचलता आले नाहीत.

सोमवारी सकाळी बबननं फळा पुसला. एवढी मोठी बातमी त्याच्या हातून आजवर लिहिली गेली नव्हती. आधी ‘स्पोर्टिंग वर गेली’ असं त्याच्या मनात होतं. पण एवढ्या वरच्या डिव्हिजनला गेलेल्या क्लबला आता असं एकेरीत कसं बोलायचं? त्यानं विचारपूर्वक आदरार्थी बहुवचन घातलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘आपले स्पोर्टिंग वर गेले. सर्वांनी सायंकाळी पाच वाजता मैदानावर जमावे.’

मग त्यानं दुकान भावावर सोपवलं आणि पेढे आणायला बदलापूरला गेला.

भीमरावही घरी नव्हते. सुट्टी टाकून ते उल्हासनगरला टिल्लूमलच्या दुकानी गेले होते. टिल्लूमल कापडवाला क्लबच्या जर्सी शिवून द्यायचा आणि एकही मॅच चुकवायचा नाही. नव्या डिव्हिजनला नव्या जर्सी लागणार होत्या.

भागीरथी बाजारातून परत आली तेव्हा शेजारच्या जनाबाई तिच्या दाराशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. विहारातल्या चार बायका पांढऱ्या साड्या नेसून, हातात मेणबत्त्या घेऊन मागे उभ्या.

“भागीरथी, काय गं झालं हे!” जनाबाईंनी तिला मिठीच मारली.

“काय झालं?”

“स्पोर्टिंग वर गेले म्हणतात.”

“हो, कालच गेले की.”

जनाबाईंनी मिठी सैल केली. “काल? आणि तू बाजारात गेलीस?”

“मग काय करू? बोंबील संपले होते.”

“अगं, पण... काही त्रास?”

“शेवटपर्यंत त्रासच होता. शेवटच्या दोन मिनिटांत झालं. पण झालं ते चांगलं झालं. किती वर्षं सगळे वाट बघत होते.”

पांढऱ्या साड्यांमध्ये कुजबुज झाली. एकीनं दुसरीला सांगितलं की धक्का बसला की माणूस असंच बोलतं. जनाबाईंनी भागीरथीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला हळूच खाली बसवलं.

“आणि आता कुठंयत ते?”

“उल्हासनगरला गेलेत. कपडे शिवायला टाकायला.”

यावर जनाबाईंनी असा हंबरडा फोडला की पलीकडच्या गल्लीतली माणसं आली. आणि त्या गर्दीत टिल्लूमलची स्कूटर शिरली. मागे बसले होते भीमराव, मांडीवर हिरव्या कापडाचा तागा घेऊन.

भीमरावांनी गर्दी बघितली, मेणबत्त्या बघितल्या, आणि काळजीनं विचारलं, “कोण गेलं?”

“तुम्ही,” जनाबाई म्हणाल्या.

फळ्याची हकीकत उलगडायला बराच वेळ गेला. उलगडल्यावर भागीरथी आधी खूप हसली आणि मग नवऱ्याच्या अंगावर ओरडली, “तरी मी सांगत होते, ते नाव बदला!” जनाबाईंनी हंबरडा परत मागे घेता येत नसल्यामुळे चहा टाकला.

पाच वाजता मैदानावर दोन प्रकारची माणसं जमली. निम्मी गुलाल घेऊन, निम्मी हार घेऊन. गुलालवाल्यांना आनंदाचं कारण ठाऊक होतं, पण आनंद हवा तसा चढत नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याला एकच सांगत होता. आता कूपरेजला जावं लागणार. मधल्या वारी मॅच, म्हणजे रजा. तिथे कठडा नाही, खेळाडूला त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची सोय नाही. मुंबईचे दोन-तीन तयार खेळाडू आणणार म्हणतात, मग सदू कुठे बसणार?

टिल्लूमलनं भीमरावांना बाजूला घेऊन विचारलं, “साईं, ये प्रमोशन है की ट्रान्सफर?”

“दोन्ही,” भीमराव म्हणाले.

हार घेऊन आलेल्यांची अडचण वेगळी होती. एवढे हार आता करायचे काय? शेवटी कुणीतरी म्हणालं, “आणलेतच तर घालून टाका. जिवंत आहे म्हणून काय झालं?” तसे भीमरावांच्या गळ्यात हारांवर हार पडले. मग ज्यांनी मनाशी दोन शब्द जुळवून ठेवले होते तेही गप्प बसेनात. एक जण म्हणाला की असा माणूस पुन्हा होणे नाही. दुसऱ्यानं सवयीनं ‘त्यांच्या जाण्याने’ अशी सुरुवात केली आणि अर्ध्यावर ‘लाइनवरून जाण्याने’ अशी दुरुस्ती केली. बबन बदलापूरहून पेढे घेऊन आला, त्याला काही कळेना. कुणीतरी त्याच्या डोक्यात टपली मारून पेढे काढून घेतले.

देवस्थळींनी समारोप केला. “क्लब भीमरावांना आजीव सल्लागार म्हणून नियुक्त करीत आहे.”

“त्यात काय काम असतं?” हारांच्या आतून भीमरावांनी विचारलं.

“तसं काही नसतं.”

“आणि लाइन?”

देवस्थळी पहिल्यांदाच मिनिट्सच्या भाषेतून बाहेर आले. “लाइन नाही हो, भीमराव. मी विचारून बघितलं. दोनदा विचारलं.”

भीमरावांनी मान डोलावली. आपल्यासाठी कुणी दोनदा विचारलं, याचं त्यांना बरं वाटलं, आणि उत्तर तेच आलं याचं वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटल्यामुळे त्यांनी एक पेढा घेतला.

नव्या मोसमातली कूपरेजवरची पहिली मॅच बुधवारी होती. टिल्लूमलनं कापडाचा टेम्पो काढला. मागे सतरंजीवर मोरिवलीची मंडळी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आजीव सल्लागार. भीमराव येणार नाहीत अशी पैज लागली होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हाताचं काय करावं ते ठरत नसल्यामुळे दोन्ही हात मांडीखाली धरले होते.

स्टँडमध्ये बसल्यावर पहिला बराच वेळ त्यांनी फक्त लाइनमन बघितला. काळा पोशाख, पांढरी कॉलर. “मागे सरक,” ते पुटपुटले. “बॅकच्या रेषेत ये... हां.” लाइनमन त्यांच्या मनासारखा सरकत होता. त्याच्यात काढण्यासारखं काही सापडेना. भीमरावांना जरा हरल्यासारखं झालं.

आणि करण्यासारखं काहीच न उरल्यामुळे त्यांची नजर लाइनवरून सुटली आणि बॉलवर गेली.

बॉल मधल्या हाफकडे होता. त्यानं तो डावीकडे दिला, तिथून तो उलट फिरून मागे आला, आणि कुणाला कळायच्या आत पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथे सदू आधीच पोहोचला होता, हात वर करून. पुढे काही झालं नाही, बॉल बाहेर गेला. पण भीमरावांनी शेजारी बसलेल्या टिल्लूमलचा गुडघा घट्ट धरला होता.

“हे असं असतं?”

“क्या असं असतं?”

“म्हणजे तो इकडून देतो तेव्हा हा तिकडून आधीच पळायला लागतो? रोज?”

टिल्लूमलनं त्यांच्याकडे वळून बघितलं. “अरे साईं, पंधरा साल से तू क्या देख रहा था?”

“बॅकचा पाय,” भीमराव म्हणाले.

टिल्लूमल काहीतरी बोलणार होता, पण भीमराव ऐकायला उरले नव्हते. ते पुढे झुकले होते, हात मांडीखालून सुटले होते. बॉल जाईल तिकडे मान जात होती. समोरच्या टीमनं गोल केला तेव्हा त्यांनी “वा!” म्हटलं. मागच्या रांगेतल्या मोरिवलीकरांनी त्यांची आई-बहीण काढली, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्या गोलालाही ते “वा” म्हणाले. तिसऱ्याला निदान दाबून म्हणाले.

टेम्पोतून परतताना मागे सुतकासारखी शांतता होती. पुढे मात्र आजीव सल्लागार ड्रायव्हरला डॅशबोर्डवर बोटानं पास काढून दाखवत होते. ड्रायव्हरला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. त्यामुळे तो मन लावून ऐकत होता.

घरी भागीरथी जागी होती. पंधरा वर्षं मॅच कशी झाली असं विचारलं की ‘लाइन ठीक होती’ एवढंच उत्तर मिळायचं, म्हणून तिनं हल्ली विचारणं सोडलं होतं. आज न विचारताच भीमराव सांगत सुटले. वाटी म्हणजे सदू, पेला म्हणजे त्यांचा बॅक, लिंबाची फोड म्हणजे बॉल. फोड ताटात इकडून तिकडे गेली.

“म्हणजे जिंकलो?” भागीरथीनं विचारलं.

“नाही. पाच-शून्यनं हरलो.”

“मग एवढं हसताय कशाला?”

भीमरावांनी लिंबाची फोड भातावर पिळली. “आज मी मॅच बघितली,” ते म्हणाले.

ती त्यांनी आयुष्यात पाहिलेली पहिली मॅच होती.