समजा सरांच्या पुस्तकातली माय

समजा सरांना सरळ वाक्य बोलताच यायचं नाही. चहा पुढे केला तरी कपात बघत म्हणायचे, "समजा बाई, या चहानं पेनाऱ्याच्या मनातलं वळखलं आन सगळ्यायले सांगून देल्लं. मंग मास्तर लोक चहा पेतीन का?" आणि आम्ही सगळे कप हातात धरून खरंच विचारात पडायचो. खामगावच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी मराठी. 'समजा सर' हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि सरांनाही ते मनापासून आवडायचं.

सर कथा लिहायचे. जरा वेगळ्या जातीच्या, जे नाही ते आहे असं धरून चालणाऱ्या. पण त्यांत ना अंतराळयानं असत, ना परग्रहावरची माणसं. "एकच गोष्ट बदलाची बाई. बाकी सारं खामगावचं ठेवाचं. दोन गोष्टी बदलल्या का वाचनारा घाबरते." त्यांच्या एका कथेत मे महिन्यात सावल्या घराबाहेर पडायला नकार देतात आणि माणसं दारात उभी राहून आपापल्या सावलीची मनधरणी करतात. बाकी कापसाच्या गाड्या, तेलगिरणीचा वास, सगळं जिथल्या तिथे.

लिहिण्याआधी ते कथा सांगत. टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही. ऐकणाऱ्याने "मंग?" विचारलं तर गोष्ट जिवंत, जांभई दिली तर तेवढा भाग गेला. "ज्याच्यात 'मंग?' नाई ते कथा नाई, निबंध होय," असं म्हणून माझ्याकडे बघून हसायचे, कारण निबंध शिकवायचं काम माझं. एकदा त्यांच्या गोष्टीपायी एक गृहस्थ आपला थांबा सोडून थेट जळगाव जामोदला पोहोचले आणि तिथे उतरून सरांवरच डाफरले. सर महिनाभर हा किस्सा पदक मिळाल्यासारखा सांगत होते.

एका माणसावर मात्र त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मायवर. ती जळगाव जामोदकडच्या खाऱ्या पाण्याच्या गावात राहिली, ते पाणी पीत आली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. सर तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. बरीच वर्षं गेली, आणि एके दिवशी मधल्या सुटीत ते माझ्यासमोर येऊन बसले. "समजा बाई, त्या गावात गोड पान्याची इहीर लागली. पन जो तिचं पानी पेते, तो आपलं मेलेलं मानूस इसरते." माझा डबा तसाच उघडा राहिला. त्यांच्या गोष्टीतली माय अंथरुणावरून लेकरांना सांगते, "प्या रे लेकरंहो. मले इसरले तं इसरले, पन जिते राहा."

त्याची कादंबरी झाली. सरांनी ती घरच्या संगणकावर एका बोटाने टाइप केली, माय जशी बोलायची तश्शी. त्यातली पानं ते आम्हाला वाचून दाखवत, तेव्हा आमचे कडक मुख्याध्यापकसुद्धा खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसायचे.

पुण्याच्या एका प्रकाशकाला कल्पना फार आवडली. पण एवढी ग्रामीण भाषा वाचक सोसणार नाही, सगळं प्रमाण मराठीत करून द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, "सर, निवेदन बदला हवं तर. मायला हात लावू नका." सर एकदम चिडले. "बाई, जिंदगीत एकच कादंबरी होऊन राह्यली माही. पुन्या-मुंबईच्या लोकाइनं वाचाची का नाई?" मी विषय तिथेच सोडला. एका साहित्य संमेलनात ते कथा वाचायला उभे राहिले आणि त्यांच्या बोलीतल्या पहिल्याच वाक्याला मागच्या रांगा फिदीफिदी हसल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तो सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मूळ मजकुरावरच एकेक वाक्य बदललं. जुनी प्रत ठेवावी हे त्या भाबड्या माणसाला सुचलंच नाही; छापून काढलेली पानं रद्दीत गेली आणि प्रकाशकाकडची परत आली नाहीत. माय म्हणू लागली, "बाळांनो, पाणी प्या. माझा विसर पडला तरी चालेल." अहो, बाळांनो? शेणामातीत जन्म काढलेल्या बाईला बाळांनो म्हणायला कुणी शिकवलं? मला अजून राग येतो. आणि रागापेक्षा वाईट वाटतं.

पुस्तक देखणं निघालं. सरांनी शाळेत पेढे वाटले. त्यानंतर ते काही वर्षं जगले, पण एकही कथा लिहिली नाही. लोक म्हणतात, पुस्तक खपलं नाही म्हणून मन उडालं. तसं नव्हतं. पुस्तक घेऊन ते मायला 'बाई' म्हणणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीकडे, मावशींकडे गेले, तेव्हा मी सोबत होते.

मावशी ओट्यावर बसल्या. सरांनी मायचं ते पान वाचलं. मावशींनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "लय चांगलं लिवलं बाप्पा. मोठ्या घरची बाई दिसते. कोनाची माय होय रे?"

सरांनी पुस्तक मिटलं. "थांब मावशी, पह्यले सांगो तसं सांगतो," म्हणाले आणि सुरुवात केली. तोंडातून आलं, "बाळांनो." थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमाले आठवते का? काय म्हने माय?"

मला मधल्या सुटीत ऐकलेलं तेवढं एकच वाक्य आठवत होतं. ते मी म्हटलं, जमेल तसं.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "हे तं आमची बाई होय. अशीच बोले." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "अजून सांग वं माय. अजून काय म्हने?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला आमच्यापाशी दुसरं वाक्यच नव्हतं.